पूजेला बसलेला दस्ता

चंद्रहास सोहोनींना ‘ही वस्तू आता दुरुस्त होणार नाही’ हे वाक्यच मान्य नव्हतं. कुवेतमधल्या मंगाफच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या मिक्सरचं मूळचं असं फक्त झाकण उरलं होतं. बाकीचा सगळा त्यांनी अम्गराच्या भंगारवाल्यांकडून एकेक भाग आणून स्वतः बसवला होता. तो चालायचा, पण असा आवाज करत चालायचा की खालच्या मजल्यावरचे झहूरभाई जिन्यात भेटले की विचारायचे, "काय सोहोनीसाहेब, आज चटनी होती काय?" सरोजिनीबाई म्हणत, "यमदूत दारात आले ना, तरी हे म्हणतील, जरा टेका, वॉशर बदलून बघतो."

माणूस पुण्याचा, त्यातून पाइपिंगचा इंजिनिअर. म्हणजे मत बदलण्याची सोय दोन्हीकडून बंद. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत त्यांची सारी हयात पाइपांना आधार देण्यात गेली होती. लोकांना वाटतं, पाइपाचं काय, टाकला की झालं. पण तापलेला पाइप लांबतो, निवला की आखडतो. त्याला कुठे जखडायचं आणि कुठे नुसता खालून आधार देऊन सरकू द्यायचं, यातच सगळी अक्कल असते. या विषयावर ते जेवताना तासभर बोलू शकत, आणि बोलतही.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचा डावा हात गेला. गेला म्हणजे होता जागेवरच, पण त्यात जीव नव्हता. जुईली तेविशीची, कुवेत सिटीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी धुळीच्या वादळात तिची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. बाकीची हाडं जुळून आली. डाव्या खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा मात्र मुळापासून उपटल्या गेल्या होत्या. इथे एक ऑपरेशन झालं, मग भारतात जाऊन दुसरं झालं. शेवटी तिकडच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "जे परत यायचं होतं ते आलं. आता फार वाट बघत बसू नका." चंद्रहासांनी सभ्यपणे मान डोलावली, डॉक्टर लोकांना दुरुस्तीतलं फारसं कळत नाही असं मनाशी ठरवलं आणि ते मुलीला घेऊन कुवेतला परतले.

तेव्हापासून रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी ते कोमट तेलाची वाटी घेऊन तिच्याजवळ बसत. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट चोळत विचारत, "कळतंय का?"

"हो, थोडंसं."

"आणि आता?"

"हो बाबा, कळतंय."

तेवढ्या दोन शब्दांवर हा माणूस आखातातल्या भर उन्हात दिवसभर शीळ घालत काम करायचा.

जुईलीचं वेड म्हणजे नेमबाजी. इथे नेमबाजीला फार मान. शाळेत असताना एका मैत्रिणीबरोबर ती सहज क्लबवर गेली आणि तिथलीच झाली. तिची कोच फातिमा. इकडे शिक्षिकेला आदराने ‘अबला’ म्हणतात. सरोजिनीबाईंनी पहिल्या दिवशी हा शब्द ऐकला, समोर उभी असलेली सहा फुटी, एका हाकेत अख्खं मैदान गप्प करणारी बाई पाहिली, आणि अरबी भाषेबद्दल त्यांचं जे मत व्हायचं ते झालं. अपघातानंतर याच फातिमाने दर महिन्याला फोन केला. "कशी आहेस" वगैरे ती विचारतच नसे. "कधी येतेस?" एवढंच विचारायची.

आणि सप्टेंबरअखेरीस तिने जुईलीला बोलावून एक छोटी कार्बाइन पुढे ठेवली. बावीस बोअरची, आखूड, वजनाला हलकी. तिच्या मागच्या टोकाला दोनपैकी एक गोष्ट बसवता येत होती. एक म्हणजे दस्ता, नेहमीचा, खांद्यात रोवायचा. तो लावला की बंदूक दोन हातांची. उजवा चापावर, डावा पुढून आधाराला. दुसरा म्हणजे ब्रेस. त्याला मागे रबराचे दोन पंख, त्यांत उजव्या हाताचा कोपराखालचा भाग घालायचा आणि वरून पट्टा आवळायचा, की बंदूक त्या एकाच हाताला बिलगून राहते. मुळात म्हणे एक हात गेलेल्या एका सैनिकासाठी कोणीतरी ही युक्ती काढली. पुढे अमेरिकेत धडधाकट लोक तोच ब्रेस खांद्याला लावू लागले आणि त्यावरून तिकडे कोर्टकचेऱ्या झाल्या. पण ती त्यांची भानगड.

"दस्ता घेतलास तर तुझ्या जुन्या गटात," फातिमा म्हणाली. "ब्रेस घेतलास तर एका हाताचा नवा गट काढतोय, त्यात तू पहिली. आणि सध्या तरी एकटीच. शुक्रवारी दुपारी ये, मारून बघ. एक ठेवू, दुसरा मी परत पाठवणार. रविवारी संघाची नावं जातील."

बंदूक अर्थातच क्लबच्या लोखंडी खोलीत कुलूपबंद. ती घरी आणणं म्हणजे थेट तुरुंगाची वाट. पण नुसता दस्ता आणि नुसता ब्रेस फातिमाने स्वतःच्या जबाबदारीवर मापं घेण्यासाठी घरी नेऊ दिले. जुईलीने पिशवी टेबलावर ठेवली. चंद्रहासांनी दोन्ही वस्तू बाहेर काढल्या, ब्रेस परत पिशवीत घातला आणि दस्ता घेऊन ते बाल्कनीत गेले. इथेच त्यांच्या दृष्टीने निवड संपली होती.

पुढचे चार दिवस बाल्कनीतून कानशीचा आवाज येत राहिला. डावा हात बंदुकीच्या पुढच्या भागाला धरवत नाही ना, मग तो तिथे बसवायचा, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक सुरेख खोबण घडवली, आतून स्पंज लावला, वर दोन पट्टे दिले आणि ते सगळं दस्त्याला एका दांडीने जोडलं. हात त्या खोबणीत ठेवून पट्टे आवळले की तो आपोआप बंदुकीखाली येणार. काम खरोखर देखणं झालं होतं. त्यांच्या हाताला तेवढं यश होतंच.

जुईलीने ते पाहिलं. खोबणीच्या कडेवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं.

"बाबा, इट्स ब्यूटिफुल. रिअली. पण मला ब्रेस ट्राय करायचाय."

"ब्रेस म्हणजे एका हाताच्या माणसाचं काम."

"मग मी कोण आहे?"

"तू दोन हातांची आहेस," चंद्रहास म्हणाले. "एक जरा दमलाय. त्याला कामाला लावला की येईल ताळ्यावर. हात वापरलाच नाही तर तो विसरतो, जुई. तो ब्रेस एकदा बांधलास की झालं, मग त्याच्याकडे कोण बघणार?"

जुईलीने ब्रेसची पिशवी टेबलाच्या कडेला सरकवली. सरोजिनीबाई आत कोथिंबीर निवडत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि काडीचाही आवाज न करता त्या निवडत राहिल्या.

योगायोग असा, की तो शुक्रवार खंडेनवमीचा होता.

सोहोन्यांच्या घरी खंडेनवमी फार कडक. चंद्रहासांच्या आजोबांचा शनिवार पेठेत छापखाना होता. त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची आणि एकदा झेंडूचं फूल वाहिलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत यंत्राला कोणी बोट लावायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. छापखाना केव्हाच गेला, पण रीत विमानात बसून कुवेतला आली. चंद्रहास त्या दिवशी व्हर्नियर, ड्रिल मशीन, पान्हे आणि गाडीची किल्ली पाटावर मांडत, पूजा करत, आणि मग बाहेर पडायचं झालं तरी गाडी काढत नसत. रिफायनरी काही त्यांच्या आजोबांची नव्हती, ती चालूच असायची. पण यांचा कॅल्क्युलेटर त्या दिवशी बंद. सहकारी हसत. झहूरभाई, जे दाभोळजवळच्या एका गावचे आणि फहाहीलमध्ये कापडाच्या दुकानाचे मालक, ते तर नवरात्र लागलं की स्वतःहूनच विचारायचे, यंदा कोणत्या दिवशी सोडायचं तुम्हाला म्हणून.

सकाळी पाट मांडला. फहाहीलच्या भारतीय दुकानातून झेंडू आणला होता. व्हर्नियर आला, ड्रिल आलं, किल्ली आली. आणि सगळ्यांच्या मधोमध, जागा करून, खोबणीसकट दस्ता आला. ब्रेस पिशवीतच होता, त्याला बोलावणं नव्हतं. चंद्रहासांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, दस्त्यावर सर्वांत मोठं फूल ठेवलं आणि हात जोडून ते इतका वेळ उभे राहिले की काय मागत होते ते विचारायची कोणाला गरज पडली नाही.

सरोजिनीबाई मागून एकेक फूल पुढे करत होत्या. एरवी पूजेत ‘डावीकडे सरकवा, आधी अक्षता, तो दिवा वाऱ्यात ठेवलात’ अशा पन्नास सूचना करणारी ही बाई आज चकार शब्द काढत नाही, हे नवऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण चंद्रहास आपल्याच नादात होते. आरती झाली, प्रसाद झाला. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दस्ता उचलायला हात पुढे केला.

"अहो," सरोजिनीबाई म्हणाल्या, "झाली ना पूजा?"

"झाली की."

"मग उद्या उचला. दसऱ्याला."

चंद्रहासांचा हात जिथल्या तिथे राहिला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काय घडलंय ते उमटत गेलं. जन्मभराची रीत, आणि आज आपण स्वतःच्या हाताने तिच्यात पाय अडकवून घेतला!

"हे वेगळं आहे," ते म्हणाले.

"वेगळं कसं? गेल्या वर्षी मला ताप होता, तरी झहूरभाईंच्या गाडीतून दवाखान्यात गेले मी. तेव्हा आपली गाडी नव्हती का वेगळी?"

"पण निवड आजच करायचीय!"

"ब्रेस आहे ना पिशवीत. त्याला कुठे फूल वाहिलंय तुम्ही?"

जुईली आधी खोकली, मग तिला हसू आवरेना. ती सोफ्यावर बसून पोट धरून हसली. अपघातानंतर या घरात असं हसू कोणी ऐकलं नव्हतं. "आई, यू प्लॅन्ड धिस!"

"मी नुसती फुलं देत होते बाई," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि निरांजन घेऊन आत गेल्या.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, देव समजून घेईल. पण चंद्रहास ज्या हट्टाने मिक्सर जगवत होते त्याच हट्टाने आजोबांची रीतही जगवत होते. एक सैल सोडली तर दुसरं कशाच्या जोरावर धरणार? त्यांनी पूजेतल्या दस्त्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि तोंड पाडून पायांत चपला सरकवल्या.

जुम्म्याची नमाज आटोपून झहूरभाई खाली गाडी लावून उभेच होते. "काय, गाडी आज सुट्टीवर? बसा, बसा. आमची बिचारी बाराही महिने कामाला." वाटेत त्यांनी जुईलीच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहून काय आहे ते विचारलं. जुईलीने सांगितलं. "म्हंजे हाताला बंदूक बांधनार? अल्ला! पोरी, नेम नीट धर हां," एवढं म्हणून ते आदराने गप्प झाले. चंद्रहास खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना पिवळं सपाट वाळवंट, विजेचे मनोरे, आणि मनात एकच गोष्ट: आज ती एका हाताने मारणार, ते जमणार, आणि मग घरी तो दुसरा हात कायमचा दुसरा होऊन राहणार. लाज वाटण्यासारखी गोष्ट, पण त्यांना मनातून वाटत होतं, जमू नये.

क्लबवर फातिमा वाट बघत होती. "दुसरा कुठे आहे?" तिने पिशवीत डोकावून विचारलं.

"तो पूजेला बसलाय," चंद्रहासांनी इंग्रजीत जमेल तसं समजावलं. "आज त्याला काम करता येत नाही."

फातिमाने भुवया उंचावल्या. "तुमच्यात बंदुकासुद्धा उपास करतात?" मग खांदे उडवून म्हणाली, "यल्ला, चला. जो जेवलाय तो आणा." ती कार्बाइन आणायला कुलपाच्या खोलीकडे गेली.

ही रेंज उघडी होती. नेमबाजांच्या डोक्यावर छप्पर, पुढे ऊन. छपराच्या कडेला लोखंडी कठडा होता. ऑक्टोबर लागला तरी कुवेतचं दुपारचं ऊन काही महिना बघून वागत नाही. जुईलीने गळ्यातली हाताची झोळी काढली, उजव्या हाताने डावा हात उचलून, एखादी वस्तू टेबलावर ठेवावी तसा कठड्यावर ठेवला आणि लांबवरच्या लक्ष्यांकडे बघत बोलू लागली. तिला किती दिवसांनी हा बंदुकीच्या दारूचा वास आला, जुन्या गटातली हुस्ना आता किती छान मारते, असं काहीबाही. चंद्रहास ऐकत ऐकत तिच्या शेजारी आले आणि कठड्याला टेकले.

टेकले आणि "हाय" करून मागे झाले. लोखंड तव्यासारखं तापलं होतं. त्यांनी तळवा झटकला, फुंकर घातली. आणि मग त्यांना दिसलं, की जुईलीचा डावा तळवा अजून तिथेच आहे. ती बोलतच होती. हुस्नाबद्दल काहीतरी गमतीचं सांगत हसत होती.

त्यांनी झडप घालून तिचा हात उचलला. तळवा लालबुंद झाला होता.

"जुई! अगं, भाजलं!"

तिने आधी हाताकडे पाहिलं, मग वडिलांकडे. ती ओशाळली; लहान मुलाची चोरी पकडली जावी तशी.

"तुला कळलं नाही?"

"नाही बाबा."

"काहीच?"

"काहीच नाही."

"मग रोज सकाळी..." त्यांनी तळवा उलटसुलट करून पाहिला. "तेल लावताना तू म्हणतेस ना, कळतंय म्हणून?"

"मी बघत असते," जुईली हळू आवाजात म्हणाली. "तू कुठल्या बोटावर आहेस ते दिसतं मला. आधी आधी खरंच वाटायचं थोडं. मग बंद झालं. पण तू इतक्या आशेने विचारायचास, बाबा. आणि मी हो म्हटलं की तू शीळ घालत जिना उतरायचास. मला आवडायचं ते."

चंद्रहासांना रडू आलं. पन्नाशी उलटलेला, कामगारांवर ओरडणारा माणूस, भर दुपारी, बंदुकांच्या आवाजात. त्यांनी पाण्याची गार बाटली तिच्या तळव्याला लावून धरली आणि मान खाली घालून तसेच उभे राहिले. आपण पोरीला धरून ठेवलंय, या समजुतीत दोन वर्षं गेली होती. रोज सकाळी ही पोर उठून, तेलाच्या वाटीसमोर बसून, बापाला धरून ठेवत होती. आणि त्यासाठी तिने आपलं रडणं कुठे नेऊन टाकलं असेल, देव जाणे.

"सॉरी बाबा," ती म्हणाली.

"गप गं," ते म्हणाले आणि बाटली फिरवून गार बाजू तळव्याला लावली.

फातिमा कार्बाइन घेऊन आली. तिने दोघांचे चेहरे पाहिले, तळवा पाहिला, आत जाऊन मलम आणलं आणि कसलाही प्रश्न न विचारता लावलं. मग ब्रेस बंदुकीला चढवला. "पट्टा वडिलांनी बांधावा," ती म्हणाली. "हाताचं माप त्यांनीच घेतलंय ना?"

माप त्यांनी डाव्या हाताचं घेतलं होतं. हे कोणाला न सांगता चंद्रहास पुढे झाले. जुईलीने उजवा हात रबरी पंखांत सरकवला, मूठ पकडली. त्यांनी पट्टा ओढला, आणखी ओढला, कडीतून काढून पुन्हा आवळला. आता निदान हा तरी सुटायला नको.

"बाबा, टाइट होतंय. माझी बोटं बधिर होतील."

"सैल राहिला तर बंदूक हलेल."

"थोडी हलू दे ना. मी श्वास घेतला की हात फुगतो. त्याला जागा नको?"

चंद्रहासांनी वर पाहिलं. हेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, ते नव्या इंजिनिअरांना वर्षानुवर्षं ओरडून सांगत आले होते. जखडलेला पाइप तडकतो रे बाबांनो. आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी त्यांनी जिथे दिसेल तिथे पट्टा आवळला होता. त्यांनी कडी सोडली आणि पट्टा इतका ढिला केला की मधून त्यांचं एक बोट जाईल.

"आता?"

"आता बरोबर."

फातिमाने त्यांना कानांवर लावायला जाड कर्णटोप दिला आणि शेजारच्या छोट्या पडद्याकडे बोट दाखवलं. गोळी लक्ष्यावर कुठे लागते ते तिथे ठिपक्याने दिसतं. "तुम्ही आकडा वाचून सांगा. ती मान वळवणार नाही." चंद्रहास पडद्यासमोर बसले. हे काम त्यांना जमण्यासारखं होतं.

पहिली गोळी खाली गेली. दुसरीही खाली. "खाली," त्यांनी ओरडून सांगितलं. तिसरी तर कडेवर. मनातलं ते लाजिरवाणं ‘जमू नये’ कधीच विरून गेलं होतं. आता ते आतून तिच्यासाठी आटापिटा करत होते आणि त्यांना काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

जुईली थांबली. बंदूक खाली टेकवून तिने डोळे मिटले. मग पाय बदलले. लक्ष्याकडे तोंड करून उभी होती, ती आडवी वळली, उजवा खांदा पुढे. डावा हात सुटा सोडला. तो शरीराच्या मागच्या बाजूला निमूट लोंबकळत राहिला. तिने उजवा हात उचलला, कार्बाइन त्याच्याबरोबर वर आली, आणि थांबली.

अशी थांबली, की चंद्रहासांना वाटलं आपलंच काहीतरी बंद पडलं.

त्यांची नजर पडद्यावरून सुटली. वजन कुठून कुठे उतरतं हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांना ते न बघता येईना. नळीचं वजन ब्रेसमधून कोपरावर येत होतं, कोपरावरून खांद्यात, खांद्यातून पाठीच्या कण्यात आणि तिथून खाली मागच्या टाचेत. आणि मागे, उलट्या अंगाला, तो डावा हात. तो नुसता लोंबत नव्हता. पुढे एवढा भार ताणलेला असताना मागे आपल्या वजनाने तो तिला तोलून धरत होता. त्यात जाणीव नव्हती, ताकद नव्हती, तरी त्याने आपली जागा बरोबर शोधली होती. त्याला कोणी पट्टा बांधला नव्हता. याचा आराखडा कोणी काढून दिला नव्हता, कोणी तपासला नव्हता. पोरीच्या अंगाने हे आपलं आपण, कोणालाही न विचारता, उभं केलं होतं.

गोळी सुटली. बंदुकीने हलकासा हिसका दिला, पट्ट्याखाली हात किंचित सरकला आणि पुन्हा होता तिथे आला. ती श्वास सोडत होती. परत भरला. परत सगळं अंग एका हाताभोवती शांत झालं. देवळात लहानपणी, गाभाऱ्याचा पडदा सरकला की आपोआप हात जोडले जायचे, तसे त्यांचे हात मांडीवर एकमेकांत येऊन बसले. ही आपली मुलगी आहे, हे त्यांना माहीत होतं. ती कोण आहे, हे मात्र ते पहिल्यांदा बघत होते. किती सुंदर उभी होती ती! काहीही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं तिच्यात.

आणखी एक गोळी सुटली. मग आणखी एक. फातिमा मागे हाताची घडी घालून उभी होती.

मग जुईलीने, मान न वळवता, ओरडून विचारलं, "बाबा! कुठे लागली?"

त्यांना आधी ऐकूच आलं नाही. फातिमाने खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी कानावरचा टोप वर सरकवला.

"बाबा? आकडा सांग ना. कुठे लागली?"

चंद्रहासांनी डोळे पुसले. पडदा समोरच होता, नुसती मान वळवायची होती. पण त्यांना तिच्यावरून नजर काढवेना.

"मी पाहिलंच नाही गं," ते म्हणाले. "परत मार."